एका दिवसाचं कुलूप

देवरावांनी मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि दोनदा ओढून पाहिलं. कुलूप चांगलं होतं. अंगणात, आपल्याच ट्रंकेवर, त्यांची भाडेकरीण सुमती बसली होती. तिला सातवा महिना लागला होता आणि भाडेचिठ्ठीचा अकरावा संपला होता.

"आता कसं," त्यांचे दोस्त भैय्याजी म्हणाले. "खोली रिकामी दिसली पाहिजे. उद्या नवा कागद कर, मग घाल तिले आत."

गांधीबागेत कापडाच्या दुकानामागे भैय्याजींच्या भाड्याच्या तीन खोल्या होत्या, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी नवख्या घरमालकांसाठी एक शास्त्र रचलं होतं. भाडेकरूच्या घरचा चहा घेऊ नये. त्याला अंगणात झाड लावू देऊ नये. झाडासोबत तोही मूळ धरतो. आणि बारावा महिना म्हणून लागू देऊ नये, कारण बारा महिन्यांचा भाडेकरू जावयासारखा असतो, त्याला निघ म्हणायची सोय नसते. देवरावांनी हे सगळं पाठ केलं होतं. पोस्टातल्या तीस वर्षांच्या नोकरीतून त्र्याहत्तर साली हुडकेश्वरला ही एकच जादा खोली उभी राहिली होती. ती हातची गेली, तर म्हातारपणी हात पसरायला मूलबाळही नव्हतं.

"एका दिवसाचाच सवाल आहे, बाई," ते सुमतीला म्हणाले. "मायबापाकडे चक्कर मारून ये."

"मले मायबाप नाहीत, काका. अन् हे ड्युटीवर, बस घेऊन चांद्याले गेले. परवा येतील हे."

भैय्याजी आभाळाकडे पाहू लागले. या अडचणीवर शास्त्रात कलम नव्हतं.

तेवढ्यात देवरावांच्या पत्नी कांताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"उन्हात काहून बसून राहिली वं? आत चाल."

"काकू, एका दिवसासाठी तुमाले कशाले..."

"ऊठ म्हणते न."

ट्रंक देवरावांनाच उचलावी लागली. भैय्याजींनी खालून टेकू दिला आणि मग कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून रस्त्याकडे नजर टाकली.

दुसऱ्या दिवशी देवराव नवा कागद आणि किल्ली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. सुमती पाटावर बसली होती आणि कांताबाई तिच्या डोक्यात तेल मुरवत होत्या.

"चाल बाई, खोली उघडतो."

"सातव्या महिन्यात माहेरी आलेली पोरगी एका दिवसात वापस जाते काय?" कांताबाई म्हणाल्या. "बाळंत होईन, सव्वा महिना होईन, मग जाईन."

"अवं, पण तिचं माहेर..."

कांताबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. सुमतीची मान खाली होती. खांदे मात्र हलत होते. देवरावांनी कागदाची घडी केली, तिची आणखी एक केली, मग आणखी एक. शेवटी तो कागद पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला.

मधे सुमतीचा नवरा आला, जावयासारखा जेवला आणि पुन्हा बस घेऊन गेला. चार दिवसांनी भैय्याजी एका तरुणाला घेऊन आले. बँकेत नोकरी, लग्न नाही, चूल नाही, दर तीन वर्षांनी बदली. शास्त्रातला आदर्श भाडेकरू फाटकाशी सायकल धरून उभा होता.

"नशीब काढलं गा तू," भैय्याजी ओट्यावर बसत म्हणाले. "खोली रिकामी, बाई बाहेर, जुना कागद संपला. आता हात जोडून नाही म्हण तिले. तुले कोणी बोट लावू शकत नाही. काढ किल्ली."

म्हणणं खोटं नव्हतं. सुमतीला परत आत घ्यायचं कोणतंही बंधन आता देवरावांवर नव्हतं, आणि असा भाडेकरू पुन्हा चालून येणार नव्हता. त्यांनी किल्ली बाहेर काढली, थोडा वेळ तळहातावर ठेवली आणि परत बंडीच्या खिशात टाकली.

"खोली द्यायची नाही. सुमती माहेरी आली आहे."

"गेली," भैय्याजींनी चूक दुरुस्त केली. "भाडेकरीण माहेरी गेली म्हणतात, गा."

देवराव उठले आणि त्यांनी आतल्या खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं.

"आली," ते म्हणाले. "अन् हळू बोल. आताच डोळा लागला तिचा."