गार पाण्यातल्या मनुका

भिजत घातलेल्या काळ्या मनुकांना एक मंद, आंबटगोड वास असतो. हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात तो दरवळला की माझ्या सासूबाई, मार्थाबाई, पदर खोचून समोर उभ्या राहतात. उंच, काटकुळ्या, बोटांना सदैव निळीचा डाग. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या मेजावर अंथरायचा पांढरा कपडा त्या स्वतःच धूत, आणि नीळ त्यांच्या हातून नेहमी जरा जास्तच पडे. त्यामुळे करमाडच्या आमच्या पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात ते मेज कायम आभाळाच्या रंगाचं असे.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन गेली होती. निजामाचं राज्य सरलं होतं, पण गावातली माणसं अजून एकमेकांशी जपून बोलत होती. त्या अस्थिर दिवसांत मिशनचे गोरे साहेब आणि मॅडम सामान बांधून आपल्या देशी परतले, आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, दुसऱ्या जिल्ह्यात गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मागे राहिल्या सासूबाई. त्या मिशनच्या बायबलबाई. वस्त्यावस्त्यांवर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, गीतं शिकवायची, एवढंच त्यांचं काम. प्रभूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून वाटायची भाकर पाळकाशिवाय मोडता येत नाही, द्राक्षरसाचा प्याला देता येत नाही, हा मंडळीचा नियम त्यांनी कधी मोडला नाही. पण मेज मांडायला पाळक लागतो, असंही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारी मनुका भिजवायच्या, रविवारी कुस्करून फडक्यातून गाळायच्या, तो रस पोचा आलेल्या जुन्या प्याल्यात ओतायचा, शेजारी ताटलीत चपाती ठेवायची आणि वाट पाहायची. गीत संपे, प्रार्थना संपे, ऊन दारातून आत सरकून मेजाच्या पायाशी येई. पाळक मात्र येत नसत. मग तो रस मागच्या डाळिंबाच्या मुळाशी जाई. मला तेव्हा डोहाळे लागले होते. एकदा न राहवून मी म्हटलं, "आत्याबाई, डाळिंबाला घालण्यापरीस मलाच द्या की घोटभर."

"नाय बाई. मेजावर मांडलेलं हाय ते."

डाळिंबाला चाललं, सुनेला नाही! मी दोन दिवस गाल फुगवून होते.

वर्ष असंच गेलं. पूर्वी चटई पुरत नसे, आता चटईच मोठी दिसू लागली. कुणी शहरात कामाला गेलं, कुणी नुसतंच यायचं थांबलं. शेजारची गिरजाबाई, मेंढरं राखणारी, मंडळीतलीच, एकदा दारात उभी राहून म्हणाली, "मार्थाबाई, साहेब तर गेले. आता कुणासाठी मांडता हे?"

"साहेबासाठी कवा मांडलं व्हतं?" सासूबाई कपडा पिळत म्हणाल्या.

मला खरं तर त्यांचा राग येई. त्या रागाच्या तळाशी भीती होती, हे आता कळतं. हे मंदिर बंद झालं तर आपण कोण उरणार, याची भीती.

आणि एका रविवारी पाळक आले. तेही महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मेज रिकामं असताना. औरंगाबादहून सकाळच्या गाडीनं आलेले, तरुण, थकलेले, खांद्याला कापडी पिशवी. उपासना झाल्यावर ते खाली मान घालून म्हणाले, "मार्थाबाई, जिथं पाळक नाही तिथला प्याला आणि ताटली शहरात जमा करायची, असं ठरलंय. मी न्यायला आलोय. तुमची मंडळी आता शहरातल्या चर्चला जोडली जाईल." प्याला गेला की दाराला कुलूप लागणार, हे चटईवरच्या सात-आठ जणांना न सांगताच कळलं.

"न्या की," सासूबाई म्हणाल्या. "पन आधी प्रभुभोजन द्या. वरीस झालं, मंडळी उपाशी हाय."

"देतो. रस आहे?"

"मनुका भिजाव्या लागतील. उद्या सकाळ हुईल."

पाळकांनी घड्याळ पाहिलं, मग चटईवरचे चेहरे पाहिले, आणि पिशवी खाली ठेवली.

मंदिराला लागूनच आमचं घर; मी चुलीपाशी होते. मनुका पाण्यात उकळल्या की अर्ध्या तासात फुगतात, हे मला सासूबाईंनीच शिकवलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि माठातलं गार पाणी पातेल्यात ओतलं. मी तोंड मिटलं. औरंगाबादच्या गुलमंडी बाजारातून आणलेल्या, वर्षभर पुरवायच्या साऱ्या मनुका त्यांनी त्या पाण्यात रित्या केल्या, चपला घातल्या आणि भर दुपारी वस्त्यांच्या वाटेला लागल्या.

दुसरा दिवस सोमवार, त्यात ज्वारीची काढणी. तरी माणसं आली. कुणाच्या कमरेला विळा होता, कुणाच्या कडेवर लेकरू. गिरजाबाई मेंढरं दारातच बसवून आत आली. चटई पुरली नाही तेव्हा माणसं मातीवर टेकली. प्याला पुनःपुन्हा भरावा लागला आणि रस संपला नाही. आदल्या दिवशी त्या बाईनं मनात किती माणसं धरली होती, ते मला तेव्हा कळलं. मी पदरात तोंड घालून रडले. घोटभर रस अखेर मलाही मिळाला.

पाळक दुपारच्या गाडीनं परतले. खांद्याची पिशवी रिकामीच होती. निघताना म्हणाले, "पहिल्या रविवारी येतो."

"शनिवारी मुक्कामाला या," सासूबाई म्हणाल्या. "मनुका भिजताना बघाल."

सासूबाईंना जाऊन आता पुष्कळ हिवाळे लोटले. मंदिर सिमेंटचं झालं, दर महिन्याला पाळक येतात, कपड्याला मी नीळ मोजून घालते आणि मेज नुसतंच पांढरं दिसतं. मनुका मात्र मी अजूनही गार पाण्यातच भिजवते. त्या भिजत असतात तेवढ्या वेळात कुणीतरी कुठल्या तरी वाटेनं आपल्याकडे यायला निघालेलं असतं.