फाटकाचे कब्जे

"हे कब्जे होय का?" दयारामने तीन इंची पितळी बिजागरी काउंटरवर फेकली. ती टण्णकन उडून खिळ्यांच्या खोक्यात पडली. "बिस्कुटाच्या डब्याचं टिन हाय हे!"

पॉवर हाऊस बाजारातल्या दुकानदाराने ती शांतपणे उचलून पुसली. "पीतल है साहब. किचन की अलमारी में यही चलता है."

"चलता है! तीस साल से रेल मिल में हूँ. मेरे को लोहा मत सिखाओ."

पंचफुला बाजूला उभी होती. नवऱ्याने फेकली तीच बिजागरी तिने आधी करंगळीने उघडून पाहिली होती. वाऱ्याने पिंपळाचं पान उलटावं तशी ती उलटली होती. ती हळूच म्हणाली, "मले हेच पाह्यजे जी. बोटं आखडतेत माह्ये. हलकं असलं त बरं."

"तुले काय समजते कब्ज्यातलं? पोया करणं येगळं अन् हे येगळं." दयारामने वरच्या फळीकडे बोट केलं. "वो दिखाओ. काला वाला."

"वो तो फाटक का है, साहब."

"तो? अलमारी का दरवाजा दरवाजा नहीं है?"

दुकानदाराने पंचफुलाकडे पाहिलं. पंचफुलाने रस्त्याकडे पाहिलं. पाच इंची काळे कब्जे पिशवीत पडले तेव्हा पिशवीचा बंद करकरला.

तीस वर्षं स्टील प्लांटच्या मरोद्यातल्या क्वार्टरमध्ये तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला दार नव्हतं. सिमेंटच्या उघड्या फळ्या, त्यांच्यापुढे सुतळीवर ओवलेला जुन्या लुगड्याचा पडदा. पडद्यामागे झुरळं नांदायची आणि प्लांटची लाल धूळ हळदीच्या डब्यावर येऊन बसायची. महिनाअखेरीला दयाराम रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून ते आधीच स्मृति नगरच्या नव्या घरात आले होते. या घरात तिने एकच गोष्ट मागितली होती. फळ्यांना दारं. ओल्या हाताने, कोपराने लोटली तरी मिटतील अशी दारं.

दयारामला हलक्या वस्तूंचा तिटकारा होता. कोणाकडे चहाला गेला की खुर्ची ठोठावून बघायचा आणि "कागद हाय" म्हणायचा. लग्नाच्या पंगतीत चमचा वाकवून यजमानाला दाखवायचा. ज्या गोष्टीला क्रेन लागत नाही ती त्याच्या लेखी वस्तूच नव्हती. आणि बायको? तिला तर त्याने कधी ठोठावूनही पाहिलं नव्हतं.

पंचफुलाचा तिटकारा निराळा होता. तो ओठांच्या आत राहायचा. जात्यावरच्या ओव्या ती आईकडून शिकली होती. जातं माहेरीच राहिलं, पुढे घरात मिक्सर आला, पण ओवी गेली नाही. भांडी घासताना, पीठ मळताना ती जुळतच राहायची. आपल्यावर किती ओव्या रचून झाल्यात याचा दयारामला पत्ता नव्हता. तो ऐकतच नव्हता.

"जय भीम काकाजी. हे काय उचलून आणलं?" चंपत सुताराने पिशवी उघडून पाहिली.

"कब्जे."

"घर हाय का ब्लास्ट फर्नेस? दाराचा पल्ला पाऊण इंची बी नाही. याचे स्क्रू कड फाडतीन ना."

"तू रंधा मार. अक्कल नको लावू."

"लावतो बाप्पा. पण पल्ला पडला त माह्यं नाव नका घेऊ."

चार पल्ले बसले. एकेक उघडायला दोन्ही हात लागायचे आणि चढावर लागलेल्या बैलांच्या रेंगीसारखा तो कण्हायचा. "आयकलं?" दयाराम खूश होता. "याले म्हंते दार!"

तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या पल्ल्याची कड ढलपी निघून फाटली. पल्ला एका कब्ज्यावर लोंबकळला आणि खाली आला. तुरीचा डबा ओट्यावर सांडला. पंचफुलाचं मनगट काळंनिळं झालं.

"लाकूड भिकार. चंपत त्याहून भिकार," दयाराम ओरडला. "अन् तू ओढली अशीन धसमुसळ्यावानी!"

ती मनगटावर हळदीचा लेप देत बसली. ओठ हलत होते.

*लोखंडाचा कारभारी, त्याले हलकं नाही ठावं,*
*फुलाच्या परडीले बांधे बईलाचं दावं.*

"काय पुटपुटून राहिली?"

"काही नाही. जुनं गाणं हाय."

एकतीस तारखेला दयाराम शेवटच्या ड्यूटीला गेला. तो वळणापार होताच पंचफुलाने पायात चपला घातल्या. पॉवर हाऊसला ती बसने एकटी कधी गेली नव्हती. दुकानदाराने तिच्या मनगटाची पट्टी पाहिली आणि काही न विचारता पितळी बिजागऱ्यांची पुडी पुढे केली. तिने एकेक बिजागरी करंगळीने उघडून बघितली. दोन परत केल्या. त्या अडत होत्या.

चंपतने फाटलेल्या कडेला सागवानी पट्टी जोडली, जुन्या भोकांत खुंट्या ठोकल्या. चार वाजेपर्यंत चारी पल्ले चढले. काळे कब्जे त्याने अंगणात ढीग करून टाकले.

पाचला कोणीतरी दयारामला स्कूटरवरून फाटकाशी सोडून गेलं. गळ्यात झेंडूचा हार, काखेत निरोपाला मिळालेलं भिंतीचं घड्याळ. तो सरळ स्वयंपाकघरात आला आणि थांबला.

पंचफुला तयारच होती. पदर खोचून, तीस वर्षांची उत्तरं जिभेवर घेऊन.

"टिन," तो म्हणाला. त्याने एका बोटाने पल्ला ओढला. पल्ला आला. लोटला. पल्ला गेला. आवाज नाही. त्याने पुन्हा ओढला.

"बोला ना आता," ती म्हणाली. "समजते का मले कब्ज्यातलं?"

त्याने घड्याळ ओट्यावर ठेवलं.

"प्लांटचा गेट पास जमा करून घेतला त्यायनं," तो म्हणाला.

मग तो अंगणात गेला. ढिगातला एक काळा कब्जा उचलून पायरीवर बसला. हार गळ्यातच होता. शिलाई मशीनची तेलाची कुपी त्याने कधी घेतली ते तिला कळलंही नाही. सांध्यात दोन थेंब सोडून तो कब्जा उघडत होता, मिटत होता. त्याला ना दार होतं, ना चौकट.

पंचफुला खिडकीतून बघत राहिली. ओवीची पहिली ओळ ओठांवर आली होती. ती तिने गिळली आणि चहाचं आधण ठेवलं.

साखरेचा डबा काढून, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून, तिने पल्ला अगदी हलकेच लावला. तसा तो आवाज करतच नव्हता.