माती मऊ होईपर्यंत

ओरेलने पहार दोन्ही हातांनी उचलली आणि जमिनीवर मारली. टण्ण असा आवाज आला, ऐरणीवर हातोडा पडावा तसा. पहार बोटभरही आत गेली नाही.

"बघ," तो म्हणाला. "मी खोटं बोलत नाही."

"मी कुठं म्हटलं तसं, काका?"

"तोंडानं नाही म्हटलंस. पण या आठवड्यात तिसऱ्यांदा आलायस."

अर्मांने टोपी कानांवर ओढली. मार्चचा दुसरा आठवडा होता. उत्तरेकडच्या सेंट ओडिल गावच्या कब्रस्तानात अजून मांडीएवढा बर्फ होता. त्यात ओरेलने एका दाराएवढी जागा उकरून मोकळी केली होती. ती जागा रोझलीनची, म्हणजे अर्मांच्या बायकोची. रोझलीन जानेवारीत गेली. चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाली, लोक तिथल्याच तळघरात जेवले आणि आपापल्या घरी गेले. पेटी मात्र कब्रस्तानाच्या कोपऱ्यातल्या विटांच्या कोठीत ठेवली गेली. या गावात हिवाळ्यात गेलेल्या माणसाला माती मे महिन्यात मिळते. त्याआधी जमीन कुणालाच आत घेत नाही. यंदा कोठीत पाच जण होते.

"लवकरात लवकर कधी?" अर्मांने विचारलं.

"मेचा दुसरा आठवडा. तोही पाऊस चांगला झाला तर."

"मार्चअखेरीला काही करता येणार नाही?"

ओरेल सत्तरीचा होता. चाळीस वर्षं तो इथले खड्डे खणत होता. त्याने पहारीवर दोन्ही हात टेकले. "येतं. कोळसे पेटवायचे, वर पत्रा झाकायचा, दोन दिवस राखायचं. माझ्या बापानं एकदा केलं होतं. वर चिखल झाला आणि खाली दगडच राहिला. पेटी तिरकी बसली. तो बघ, तिकडचा वाकडा दगड. पन्नास वर्षं झाली, आधी बाप, आता मी, दर वसंतात सरळ करतो, दर हिवाळ्यात परत वाकतो. करू तसं?"

अर्मांने वाकड्या दगडाकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"घाई कसली आहे तुला एवढी?"

"पहिल्या एप्रिलला कनेक्टिकटला कामावर हजर व्हायचंय. येत्या रविवारी उत्तर द्यायचं."

"म्हणजे चाललास म्हण की."

"ठरलं नाही अजून."

"अर्मां," ओरेल म्हणाला, "आजपर्यंत 'ठरलं नाही अजून' म्हणणारा एकही माणूस इथं राहिलेला मी बघितला नाही."

अर्मां लाकूड कापायच्या मिलमध्ये करवतीला धार लावायचा. सत्तावीस वर्षं हेच केलं. चाळीस फुटांच्या पट्टीच्या करवतीवर हातोडीने टिचकी मारून, आवाजावरून तो सांगायचा की पट्टी कुठे सैल आहे. हाताखालच्या पोरांना हे कधी जमलं नाही. ऑक्टोबरमध्ये मिल बंद झाली, तिच्याबरोबर आजारपणाचा विमाही गेला आणि नेमकं त्याच महिन्यात रोझलीनचं दुखणं बाहेर आलं. आता तो गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. बर्फ संपला की ते कामही संपणार होतं. इस्पितळाच्या बिलांची पाकिटं स्वयंपाकघरातल्या पावाच्या डब्यात साठत होती. त्यात पाव ठेवायला आता जागा नव्हती.

नॉर्मन हा रोझलीनचा भाऊ. सव्वीस वर्षांपूर्वी तो दक्षिणेला, कनेक्टिकटला गेला आणि तिथल्या एका कारखान्यात चांगला स्थिरावला. त्यानेच अर्मांसाठी तिथे शब्द टाकला होता. पगार बरा होता, विमा होता आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या नॉर्मन सध्या बिनभाड्याने देणार होता. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण अर्मांला दोन मुली होत्या. थोरली मिरेल सतरा वर्षांची, जूनमध्ये तिची शाळा संपणार होती. धाकटी जोसेत चौदाची. अर्मांने मनाशी हिशेब केला होता: मिरेल आनंदाने येईल, जोसेत रडून घर डोक्यावर घेईल.

शनिवारी संध्याकाळी मिरेल प्लोय भाजत होती. कुट्टूच्या पिठाचे, धिरड्यासारखे हे प्लोय एकाच बाजूने भाजतात. रोझलीन म्हणायची, पीठ तव्यावर टाकलं की हात मागे घ्यायचा. वर बारीक बारीक भोकांचे डोळे उघडतात. सगळे उघडले की झालं. उलटायचं नाही आणि घाईही करायची नाही. मिरेलचे निम्मे प्लोय अजून कच्चेच उतरायचे.

"डोळे उघडले नाहीत त्याचे," जोसेत म्हणाली.

"तुझे उघडलेत तेवढे पुरेत. ताटल्या मांड."

"नॉर्मनमामाकडे उलटतात. आठवतं? मामीनं दोन्हीकडून खरपूस भाजले आणि वर पाक ओतला."

"आणि आई काय म्हणाली?"

"तिथं काहीच नाही म्हणाली. दोनदा वाढून घेतलं. मग येताना दहा तास गाडीत बोलत होती."

तिघंही हसले. हसू संपल्यावर मात्र कुणाला कुणाकडे बघवेना. अर्मांने प्लोयला लोणी लावलं, गुंडाळी केली आणि ती ताटलीतच ठेवली.

"मामाला उद्या उत्तर द्यायचंय," तो म्हणाला. "परिस्थिती तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला काय वाटतं ते सांगा. माझ्या मनासारखं सांगायचं नाही, खरं सांगायचं."

"मी येते," जोसेत लगेच म्हणाली.

"तू? आणि तुझ्या मैत्रिणी?"

"कुठल्या मैत्रिणी? सोलांजचं घर ऑगस्टमध्येच रिकामं झालं. वर्गात अकरा जण उरलोय. हॉकीची टीम करायची तर शेजारच्या गावातून दोन पोरी उसन्या आणाव्या लागतात." तिने काटा ताटलीवर आपटला. "आणि तू रोज साडेतीनला खिडकीत जाऊन उभा राहतोस, बाबा. मिलचा भोंगा व्हायचा त्या वेळेला. मी शाळेतून येते तेव्हा बाहेरून दिसतोस. मला नाही बघवत ते."

अर्मांला हे ठाऊक नव्हतं. आपण खिडकीत उभे राहतो हे त्याला माहीत होतं, पण ते बाहेरून दिसतं हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मी नाही येणार," मिरेल तव्याकडे तोंड करूनच म्हणाली. "एप्रिलमध्ये तरी नाही."

"अगं, तूच म्हणायचीस ना, शाळा संपली की पहिल्या बसनं पळून जाईन म्हणून?"

"म्हणायचे. तेव्हा आई घरी होती." तिने गॅस बंद केला. "आता ती घरी पण नाही आणि तिच्या जागेवर पण नाही. मधल्या मधेच आहे. मी रोज येताना त्या कोठीच्या दारावर हात ठेवून येते. आत तर जाता येत नाही, कुलूप असतं. तिला तिथं ठेवून निघून जायचं? बाहेरगावी जाताना कुणी कुत्रं शेजाऱ्याकडे ठेवतं, तसं?"

"मिरेल!" जोसेत ओरडली.

"मग काय म्हणू?"

जोसेतने ताटली पुढे ढकलली. "मला सांगितलं का नाहीस? मीपण आले असते हात ठेवायला."

अर्मां उठला आणि भांडी घासू लागला. त्याला बोलायचं होतं, पण पाण्याचा आवाज बरा वाटत होता.

रविवारी चर्चमधून आल्यावर त्याने फोन लावला. मुली जिन्यावर बसल्या होत्या. त्या ऐकत होत्या हे त्याला माहीत होतं आणि त्याला ते बरंच वाटत होतं.

"मग? खोल्या झाडून ठेवल्यात बरं का," नॉर्मन म्हणाला. "एका खोलीला निळा रंग दिलाय, पोरींसाठी."

"नॉर्मन, पहिल्या तारखेला नाही जमणार मला."

"का? पोरींनी नाटकं केली वाटतं."

"नाही रे. रोझलीनला पोचवल्याशिवाय निघता येत नाही."

"पोचवल्याशिवाय म्हणजे?"

"म्हणजे माती दिल्याशिवाय."

"काय बोलतोस तू? जानेवारीत पोचवलं की तिला. मी होतो ना तिथं."

"तू चर्चमध्ये होतास. मग वादळ येणार म्हणून दुपारीच निघालास. माती कुठं दिली? जमीन गोठलेली असते. कोठीत आहे ती."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अजून?"

"मेपर्यंत."

"मी फेब्रुवारीत फुलं पाठवली होती," नॉर्मन म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "तिच्या वाढदिवसाला. दुकानवाल्याला सांगितलं, थडग्यावर ठेव म्हणून."

"मिळाली. ओरेलकाकांनी कोठीच्या दाराशी ठेवली."

"अर्मां, मी तिथंच जन्मलो रे. आमचा आजा डिसेंबरात गेला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आजी रोज आम्हाला त्या दाराशी घेऊन जायची. आणि मी विसरलो. साफ विसरलो."

नॉर्मन चांगला माणूस होता. त्याने खोलीला निळा रंग दिला होता. पण आपल्या गावची जमीन हिवाळ्यात काय करते, हेही माणूस विसरू शकतो, हे अर्मांला आजवर ठाऊक नव्हतं. इतकं विसरायला सव्वीस वर्षं लागतात की त्याहून कमी? त्याने जिन्याकडे पाहिलं. दोघी एकाच पायरीवर दाटीवाटीने बसल्या होत्या.

"कारखान्यातली ती जागा तोवर राखतील?" त्याने विचारलं.

"खरं सांगू? नाही राखणार. चार जण रांगेत आहेत."

"मग जाऊ दे."

"विचार कर, अर्मां."

"केला. येणार आम्ही, नॉर्मन. इथं राहून भागणार नाही हे मलाही कळतं. पण तिला पोचवून येऊ."

फोन ठेवल्यावर जोसेत खाली आली. "आणि तिकडे दुसरं काम नाही मिळालं तर?"

"तर मामीच्या हातचे उलटलेले प्लोय खाऊ."

"त्यापेक्षा उपाशी राहीन," जोसेत म्हणाली. पण मिरेल आली आणि बापाच्या दंडाला घट्ट धरून उभी राहिली.

कारखान्यातली जागा एप्रिल उजाडायच्या आतच भरली. नॉर्मनने नंतर तीन आठवडे खटपट केली आणि एका इस्पितळाच्या बॉयलरघरात काम मिळवून दिलं. पगार कमी होता. रात्रपाळ्याही होत्या. हजर व्हायचं होतं जूनच्या मध्याला, म्हणजे मिरेलची शाळा संपल्यानंतर. अर्मांने हो म्हटलं. बॉयलरघरात करवती नव्हत्या. घराला गिऱ्हाईक मिळालं नाही. मिळेल अशी आशाही नव्हती.

मेच्या दुसऱ्या सोमवारी ओरेल स्वतःच दाराशी आला. "गेली रे पहार आत," तो म्हणाला. "गुरुवारी खणतो. मशीन सांगून ठेवलंय."

"मशीन नको, काका. मी खणतो."

"तू? तू करवतवाला माणूस. हाताला फोड येतील."

"तुमचं फावडं द्या मला."

ओरेलचं फावडं जुनं होतं. त्याचं पातं दगडांवर आपटून बोथट झालं होतं आणि कडेला दोन ठिकाणी खांडलं होतं. अर्मांने ते पडवीतल्या शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळलं आणि आपली लांब कानस काढली. सात महिन्यांत तिला हात लागला नव्हता. तो एकाच दिशेने, संथपणे कानस ओढत राहिला. खांडं गेली, मग कड चमकू लागली. मधूनच तो थांबून नखाने पात्यावर टिचकी मारायचा आणि ऐकायचा. साडेतीन वाजून गेले. शाळेतून आलेल्या जोसेतने आधी खिडकीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग तिला पडवीतून कानशीचा आवाज आला.

गुरुवारी नॉर्मन आला. दहा तास गाडी चालवून, शहरातले पातळ बूट घालून आला. कब्रस्तानात त्याचे पाय चिखलात रुतले, पण तो हटला नाही. अर्मां खड्ड्यात उतरला होता. दोघांनी आळीपाळीने खणलं. मुली काठावर उभ्या राहून दगड वेचून बाजूला टाकत होत्या. फावडं पायाने दाबलं की मातीत आवाज न करता जात होतं. ओरेल सवयीने पहार घेऊन आला होता. थोडा वेळ ती हातात धरून तो उभा राहिला, मग त्याने ती कुंपणाला टेकवून ठेवली.

थडग्याचा दगड आदल्या दिवशीच येऊन पडला होता. त्यावर रोझलीनचं नाव होतं आणि तिच्या शेजारी अर्मांचं. त्याचं जन्मसाल, पुढे एक रेघ आणि मग कोरी जागा.

"आपण तर चाललोय, बाबा," जोसेत म्हणाली. "मग तुझं नाव कशाला?"

"पत्ता असावा म्हणून," अर्मां म्हणाला.

फादर आले, प्रार्थना झाली. पेटी खाली गेली आणि सरळ बसली. मिरेलने पहिली मूठ टाकली. ती माती तिने बराच वेळ हातात धरली होती.

सगळे गेल्यावर अर्मांने फावडं गवतावर पुसलं आणि ओरेलच्या हातात दिलं. ओरेलने अंगठा पात्यावरून हळूच फिरवला.

"एवढी धार लावून ठेवलीस," तो म्हणाला. "वर्षभरात जाईल. मग कुणाला सांगू मी?"

अर्मांने जरा विचार केला. मग तो गाडीकडे गेला आणि कानस घेऊन आला. सत्तावीस वर्षांत तिची लाकडी मूठ त्याच्या पंजाच्या आकाराची झाली होती. मुठीला वादी होती. कब्रस्तानातल्या ओरेलच्या खोपीत पहार टांगायचा खिळा होता, त्याच्या शेजारी दुसरा एक रिकामा होता. त्या खिळ्याला त्याने कानस अडकवली.

"इथंच असू दे," तो म्हणाला. "पुढच्या मेमध्ये येईन तेव्हा लागेल."