काटा पावसावर

सुमनबाईंची बालवाडी नाशिकरोडच्या बाहेर, दारणा नदीच्या अंगाला असलेल्या वस्तीतल्या बुद्धविहारात भरायची. निम्मी पोरं वस्तीतली, निम्मी पलीकडच्या वीटभट्टीवरची. भट्टीवरची माणसं सुरगाण्याकडची. दिवाळी झाली की यायची, मिरगाच्या आधी आपल्या डोंगरात परत जायची.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात बाईंनी पोरांना हवामान शिकवायला घेतलं. प्रशिक्षणात मिळालेलं एक चित्रांचं पुस्तक त्यांच्याकडे होतं. ऊन, ढग, वारा, पाऊस, धुकं, सगळ्यांना एकेक पान. ती पानं दाखवून झाल्यावर त्यांनी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापला, त्याचे पाच भाग पाडले आणि पोरांपुढे ठेवला. पोरांनी उन्हाला काड्यापेटीच्या काड्यांचे किरण चिकटवले, ढगाला कापूस, वाऱ्याला कागदाची भिंगरी, धुक्याला राख. पावसाचे थेंब पतंगाच्या निळ्या कागदाचे. ते भट्टीवरच्या सोमीने एकटीने चिकटवले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मधोमध बाईंनी पत्र्याचा काटा बसवला, की झाली हवामानाची तबकडी.

मग रोजचा खेळ ठरला. प्रार्थना झाली की एकाने उठायचं, काटा फिरवायचा आणि सगळ्यांनी अंगणात जाऊन बघायचं, बरोबर आला की नाही. आधी अंदाज, मग पडताळा, असं बाईंच्या मनात होतं. पण हिवाळ्याचे दिवस. पोरं काटा उन्हावर ठेवायची, बाहेर ऊन असायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यातून पोरांनी काय धडा घेतला, हे बाईंना कळायला माघ उजाडला.

त्या दिवशी सोमीची पाळी होती. तिने काटा सरळ आपल्या निळ्या थेंबांवर नेला. अंगणात लख्ख ऊन होतं. पोरं हसली.

"चुकलं की गं सोमे," बाई म्हणाल्या, आणि काटा तसाच राहिला.

संध्याकाळी कुणाच्या ध्यानीमनी नसताना आभाळ भरून आलं आणि गारांसकट पाऊस कोसळला. भट्टीवर वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा चिखल झाला.

दुसऱ्या दिवशी सोमी आली नाही. बाईंनी विचारलं तर वस्तीतला चंदर ऐटीत म्हणाला, "ती कशाला येईल? पाऊस तिनंच पाडला ना."

"कुणी सांगितलं तुला?"

"काटा तिनंच फिरवला, बाई."

"अरे, पण तेव्हा बाहेर ऊन होतं."

"मग? पावसाला लांबून यायचं होतं. संध्याकाळ झाली त्याला."

बाकीच्या पोरांनी माना डोलावल्या. बाईंना हसू आलं आणि लगेच मावळलं.

दुपारी त्या भट्टीवर गेल्या. सोमीचे आईबाप, भागीबाई आणि मंगळू, विरघळलेल्या विटांच्या चिखलाचा गारा पुन्हा तुडवत होते. सोमी झोपडीच्या दारात गुडघ्यांत तोंड घालून बसली होती.

"कालपून बोलंना झालीय," भागीबाई म्हणाली. "जेवली बी नाय. हिचा बाप तिला म्हणला, बाय, पुढल्या टायमाला आमाला सांगून पाड."

"चेष्टा केली मी," मंगळू पायाखालच्या गाऱ्याकडे बघत म्हणाला.

बाई सोमीजवळ बसल्या. ढग कुठून येतात, वारा त्यांना कसा ढकलतो, सगळं सांगून झालं. सोमीने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "चंदर उन्हावर ठेवतो तवा ऊन पडतंच ना?"

बाईंच्या आता ध्यानात आलं. आधी काटा आणि मग आभाळ, हा क्रम त्यांनीच लावून दिला होता. पोरीचं गणित त्यांच्याच शिकवणीतून आलेलं होतं. हे ओझं घेऊन ती डोंगरात परत गेली, तर ते तिच्या डोक्यातून कोण काढणार?

रविवारी त्या तबकडी पिशवीत घालून पुन्हा गेल्या. तोवर नव्या विटांच्या ओळी लागल्या होत्या, अजून काळ्या, ओलसर.

"बघ, मी ठेवला पावसावर," बाई म्हणाल्या.

"तुमच्या हातानं नाय व्हत. माझ्या हातानं व्हतं."

"मग तू ठेव."

सोमीने विटांकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. आजूबाजूच्या बायकांनी थापणं थांबवलं. मंगळू साचा खाली ठेवून पुढे आला.

"राहू द्या बाई. विटा ओल्या हायेत अजून."

"मंगळूभाऊ, तुम्हीसुद्धा?"

"नाय, तसं नाय. पण उगं कशाला?"

बाईंनी वर पाहिलं. पांडवलेण्यांच्या बाजूला एक पांढुरका ढग होता. एवढासाच, पण होता. आज पाऊस आला तर ही पोर जन्मात शाळेचं नाव काढणार नाही, असं त्यांच्याच मनात आलं. त्यांनी तबकडी पिशवीकडे नेलीसुद्धा.

तेवढ्यात भागीबाई हात पुसत आली. "विटांचं काय घेऊन बसलात? गेल्या तर परत थापू. लेकरू गप झालंय ते दिसंना का कुणाला?" तिने सोमीचा हात धरून पुढे आणला. "ठेव गं. मी हाय."

सोमीने काटा पावसावर ठेवला आणि आईच्या लुगड्यात तोंड लपवलं.

सगळे कामाला लागले, पण जो तो मधूनच वर बघत होता. मंगळूने विटा झाकायला उसाच्या पाचटाचा भारा आणून शेजारी टाकला. पसरला मात्र नाही. बाई बाभळीखाली बसून राहिल्या. ढग त्र्यंबकच्या बाजूला सरकला, विस्कटला, दिसेनासा झाला. ऊन चढलं. विटांच्या कडा पांढुरक्या होऊ लागल्या. सोमी हळूच उठली, एका विटेला बोट लावून आली.

"काटा पावसावरच हाय?"

"पावसावरच आहे. तूच ठेवलास ना?"

तिने एकदा काट्याकडे, एकदा आभाळाकडे पाहिलं. मग भागीबाईकडे जाऊन म्हणाली, "आये, भाकर दे."

तबकडी त्या दिवशी झोपडीतच राहिली. सोमवारी सोमी ती छातीशी धरून बालवाडीत घेऊन आली.

बाईंनी खेळाचा क्रम बदलला होता. आधी अंगण, मग काटा. सोमी अंगणात उभी राहून चारी बाजूंना बघत राहिली, इतका वेळ की पोरं कंटाळली. मग आत येऊन तिने काटा उन्हावर ठेवला.

"ऊन हाय," ती म्हणाली, आणि चंदरकडे वळली. "मी नाय आणलं. ते आधीच आलेलं व्हतं."