एका गल्लीची पुरवणी

पुरवणी अघळपघळ असावी की नेमकी, यावरून मी आणि दादा बावीस वर्षं भांडलो. शेवटचं भांडण मी जिंकले. कसं जिंकले ते एकदा सांगून टाकते, म्हणजे माझ्याशी वाद घालायला पुन्हा कुणी येणार नाही.

आमचा धंदा खेळाच्या पुस्तकांचा. हा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. सूत्रधार सांगणार, समोर बंद दार आहे, आतून खोकल्याचा आवाज येतोय. मग विचारणार, "आता तुम्ही काय करता?" दार ठोठावायचं, फोडायचं की पळ काढायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि जमलं की नाही ते फाशांवर सोडायचं. नियमांचं एक मूळ पुस्तक असतं. त्याच्यामागून ज्या निघतात त्या पुरवण्या, कधी एखाद्या प्रदेशाची, कधी एखाद्या शहराची. हे सगळं दादा लिहायचा. मी तपासायचे, कापायचे, पानं लावायचे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, दोन टेबलं आणि एक खिडकी, जी उघडली की खालचा वंगणाचा वास वर येतो. एवढंच आमचं कार्यालय.

दादाचं मत असं, की पुरवणीत मुलूखच्या मुलूख मावला पाहिजे. "खेळणारे कुठल्या वाटेला लागतील ते मला ठाऊक आहे का? मग प्रत्येक वाटेवर थोडंफार काहीतरी ठेवायला नको?" मी म्हणायचे, "प्रत्येक वाटेवर थोडंफार ठेवलंस की कुठल्याच वाटेवर धड काही राहत नाही." एकदा त्याने हट्टाला पेटून समुद्राची पुरवणी लिहिली. एकोणचाळीस बेटं, प्रत्येकाला अर्धं पान. वाचकांची पत्रं आली. सगळ्यांचा सूर एकच: वाचायला छान आहे, पण रविवारी चार माणसं येऊन बसल्यावर यातलं नेमकं वापरायचं काय? ती पत्रं मी फायलीत लावून ठेवली आणि पुढे वाद पेटला की ती फाईल त्याच्यासमोर आपटत आले. माझा स्वभावच तसा आहे. हातात पुरावा असला की मला गप्प बसवत नाही.

आणि माझं बरोबर होतं. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात चूक माझी असली तरी मत चुकलेलं नव्हतं.

दादा स्वतः मात्र कधीच कागद बघून खेळवायचा नाही. दर रविवारी दुपारी त्याच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी, आम्ही जमायचो. मी, मास्तर आणि कंपाउंडर. मास्तरांनी हयातभर शाळेत गणित शिकवलं. कंपाउंडर औषधाच्या दुकानात कामाला. माणूस तोंडाने कमी आणि फाशांनी जास्त बोलणारा. सुरुवातीला मास्तरांची बायकोही असायची, आमच्या काकू. खेळता खेळता आम्ही विचारायचो, त्या डोंगरामागे काय आहे, त्या राणीला मुलं किती. दादा क्षणभरही न थांबता सांगायचा आणि सांगितलेलं कधी विसरायचा नाही. लिहून ठेवायची गरजच नव्हती. बावीस वर्षांचा सगळा मुलूख त्याच्या डोक्यात होता आणि तिथे तो सुखरूप आहे असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

आमच्या टेबलाचा नियम एकच: टेबलावर बोललेलं खरं. तो मास्तरांनी घातला, पहिल्याच वर्षी. कंपाउंडरने फुशारकीत विहिरीत उडी मारतो म्हणून सांगितलं आणि फासे उलटे पडल्यावर म्हणाला, मी गंमत केली. मास्तरांनी वर्गात बोलावं तसं सांगितलं, "बोललात ना? मग मारलीत उडी. शब्द मागे घेता आले तर या सगळ्याला अर्थ काय?" तेव्हापासून शब्द मागे घ्यायचा नाही, सूत्रधारानेसुद्धा. एकदा दादाच्या तोंडून चुकून निघून गेलं की थोरला राजा गेल्या वर्षी वारला. झालं, राजा वारला. त्या राजावर बेतलेल्या तीन महिन्यांच्या खेळावर दादाने निमूटपणे पाणी सोडलं.

काकूंचं पात्र होतं होडीवाली. फटकळ, दिलदार, सगळ्यांच्या खोड्या काढणारी. म्हणजे काकूच, हातात वल्हं दिलेल्या. सात वर्षांपूर्वी काकू आजारी पडल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. त्यानंतर पहिल्यांदा बसलो तेव्हा दादाच म्हणाला, "होडीवालीने आता होडी बांधून ठेवली आहे. नदीपलीकडच्या घाटावर ती दिवा सांभाळते." एवढंच. मग आमची पात्रं नदी ओलांडून गेली की घाटावर ती असायची. दादा तिचा आवाज काढायचा नाही, पण शब्द तिचेच. "जोडे पुन्हा ओलेच घातलेत ना?" मास्तर पुढ्यातल्या कागदाकडे बघत म्हणायचे, "हो." दोन-तीन वाक्यं व्हायची आणि आम्ही पुढे निघायचो. सात वर्षांत मास्तरांनी एक रविवार चुकवला नाही, आणि नदी ओलांडायला त्यांना कुठलंही फुटकळ निमित्त पुरायचं.

मागच्या वर्षी दादा टेबलावर अडखळायला लागला. आधी नावं, मग रस्ते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि वहिनीला व मला समोर बसवून सांगितलं, की स्मरणशक्ती जात जाणार आहे. वर्ष, फार तर दीड वर्ष काम होईल. आधी काय जाईल ते सांगता येत नाही. घरी येताना रस्ता ओलांडताना वहिनीने माझा दंड धरला आणि पलीकडे पोचल्यावरही सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दादा कार्यालयात एक जाड वही घेऊन आला. चाळीस पानं नुसती शीर्षकांनी भरलेली. नद्या, घाट, राजे, बाजार, कोण कुठे राहतं.

"शेवटची पुरवणी," तो म्हणाला. "सगळ्या मुलखाची. तू विचारत जा, मी सांगतो, तू उतरवून घे. रोज दोन तास बसू."

"दादा, हे पुरं व्हायचं नाही."

"जेवढं होईल तेवढं."

मी फाईल काढली. आजारी भावासमोर, हो. समुद्राच्या पुरवणीची पत्रं काढली आणि त्यातलं एक त्याला वाचूनही दाखवलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ही वही मला लागेल गं."

आणि मी काय म्हणावं? "तुला काय लागेल ते सोड, वाचकाला काय लागेल ते बघ."

मी दुष्ट नव्हते. मला भीती वाटत होती. अर्धवट राहिलेली वही आणि रिकामा बसलेला दादा, हे चित्र सारखं डोळ्यांसमोर यायचं. एक पुरी झालेली, छापलेली, चोख वस्तू त्याच्या हातात द्यावी, असं मला फार वाटत होतं. म्हणून मी म्हटलं, एकच गल्ली घेऊ. दोरखंडवाल्यांची गल्ली, नऊ घरं, शेवटी नदी. तिचा कोपरान् कोपरा लिहू. तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं." बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने न भांडता हात टेकले. मला वाटलं, पटलं त्याला.

आठ महिने आम्ही त्या गल्लीत राहिलो. पाचव्या घराच्या जिन्याला तेरा पायऱ्या, अकरावी करकरते. सातव्यातली म्हातारी सगळं जग वावांत, दोन्ही हात पसरून दोर मोजतात तसं, मोजते, नवऱ्याची उंचीसुद्धा. विहिरीचा दोर कुणी कापला याबद्दल प्रत्येक घराचं मत वेगळं, आणि प्रत्येकाकडे तसं मत असण्याचं कारण. दादाने एवढं चांगलं कधीच लिहिलं नव्हतं. थकायचा मात्र लवकर, म्हणून रविवारचा खेळ पुस्तक निघेपर्यंत बंद ठेवला.

छपाईआधी तपासायला येणाऱ्या पहिल्या मुद्रितात, गल्लीच्या शेवटी, त्याने दोन वाक्यं घातली होती. पलीकडच्या घाटावर एक दिवा दिसतो. तो सांभाळणारी बाई येणाऱ्याच्या पायांकडे आधी बघते. मी ती लाल पेनने खोडली आणि समासात लिहिलं, "अलीकडेच राहा." दुसऱ्या मुद्रितात त्याने ती पुन्हा घातली. मी पुन्हा खोडली. तिसऱ्यात ती नव्हती. मी खूश झाले, अखेर याला कळलं म्हणून. त्याला कळलं नव्हतं. तो विसरला होता.

शेवटच्या पानावर जागा उरली होती, तिथे मीच एक ओळ टाकली: "गल्ली नदीशी संपते. पलीकडचं या पुस्तकात नाही."

पुस्तक निघालं आणि पत्रांचा ढीग आला. कुणी म्हणे सहा-सहा आठवडे एकाच घरात खेळतोय, कुणी म्हणे पुरवणी असावी तर अशी. ती पत्रंही मी त्याच फायलीत लावली.

मग दादा बरा दिसतोय असं वाटून एका रविवारी आम्ही पुन्हा जमलो. वहिनीने चहा ठेवला, दादाच्या हातात फासे दिले, पुस्तक उघडून पुढ्यात ठेवलं. तो ओळीखाली बोट धरून खेळवत होता, पण खेळवत होता झकास. करकरणाऱ्या पायरीला कंपाउंडर दचकला तेव्हा दादा गालात हसला. मला वाटलं, बघा, जमलं की नाही. जे पुस्तकात होतं ते त्याच्याकडे राहिलं होतं, कारण ते त्याला वाचता येत होतं.

मास्तर विहिरीच्या भानगडीत पडलेच नाहीत. त्यांचं पात्र सरळ गल्लीच्या टोकाला चाललं होतं. दहा महिने ते थांबले होते.

"मी नदीकाठी जातो," ते म्हणाले. "पलीकडच्या घाटावर दिवा दिसतोय का?"

दादाने पान उलटलं. शेवटचं पान. माझ्या ओळीखालून बोट फिरवलं, पुस्तक मिटून मागचं कव्हर पाहिलं, पुन्हा उघडलं. सूत्रधाराने माहीत नाही म्हणायचं नसतं, हे त्यानेच आम्हाला शिकवलं होतं.

"नाही," तो ठामपणे म्हणाला. "पलीकडे काही नाही."

"दिवा नाही?"

"दिवा नाही, घाट नाही. गल्ली इथे संपते."

"तिथे कुणी राहायचं ना आधी?"

दादाने त्यांच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच खेळायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं, सौम्यपणे. "नाही. तिथे कधीच कुणी नव्हतं."

कंपाउंडरच्या मुठीतले फासे मुठीतच राहिले. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती.

"मास्तर, हे धरू नका," मी म्हटलं. "ती आहे पलीकडे. दिवाही आहे. मी सांगते ना."

"सूत्रधार तो आहे. तू नाहीस."

"अहो, पण तो विसरलाय." त्याच्यासमोरच म्हटलं मी हे.

"माहीत आहे मला."

"मग?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "टेबलावर बोललेलं खरं. आजचं बोलणं खोटं धरायचं, तर सात वर्षं तो जे बोलला तेही खोटं धरावं लागेल. ते मला जमायचं नाही."

त्यांनी पुढ्यातला पात्राचा कागद घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. नंतर घरी बसून मी होडीवालीबद्दल आठवेल तेवढं लिहून काढलं. अकरा ओळी भरल्या. बाकीचं सगळं दादाकडे होतं, आणि रोज दोन तास तो ते मला द्यायला बसला होता.

आमची शांतता बघून दादा खुलला. आम्ही विचारात पडलोय असं त्याला वाटलं, आणि खेळणारे विचारात पडले की सूत्रधाराचं पोट भरतं. त्याने खुर्ची पुढे ओढली, फासे आमच्याकडे सरकवले आणि बावीस वर्षं विचारत आला होता तसंच, मजेत विचारलं, "मग? आता तुम्ही काय करता?"