सुगंधाबाईंच्या पापणीचा चिमटा

मी एक जुना लोखंडी चिमटा आहे, मित्रांनो, करंगळीएवढा. माझं फार कौतुक झालं, आणि त्या कौतुकानेच एका बाईचा डोळा गेला.

धानोऱ्याच्या बाजारात एका लोहाराने मला घडवलं. सुगंधाबाईंनी मला घेतलं ते काट्यांसाठी. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलं की पायात काटा ठरलेलाच. तो मी मुळासकट काढायचो. शेजारचे इसरूभाऊ लंगडत यायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमचा चिमटा म्हणजे डागतरच हाय." मी फुगून जायचो.

मग बाईंचे डोळे लाल राहू लागले. डोळे आले असतील, चुलीचा धूर असेल, असं म्हणत दुकानातले थेंब घातले. तोंडही सारखं यायचं. त्याचा बोल मिरचीला लावला. पुढे डाव्या डोळ्यात कुसळ गेल्यासारखं खुपू लागलं. सून रीताने उन्हात बसवून पाहिलं, तर पापणीचे दोन केस आत वळून बुबुळावर घासत होते. तिने मला उकळत्या पाण्यात बुडवलं आणि ते उपटले.

"आता मोकळं वाटून राह्यलं वं," बाई म्हणाल्या.

त्यानंतर दर पंधरवड्याला हेच. गावात भरलेल्या डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टरांनी गडचिरोलीला जायची चिठ्ठी दिली होती. पण तेंदूचा हंगाम मोजक्या दिवसांचा, आणि घरात मी होतोच. "चिमटा हाय ना. दवाखान्यात काऊन जावाचं?" बाई म्हणाल्या. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं आमचं दोन वर्षं चाललं.

एका सकाळी मोहफुलं वेचताना बाईंनी फुलं समजून टोपलीत शेळीच्या लेंड्या टाकल्या. रीता आधी हसली. मग तिने बाईंची डावी पापणी उचलून पाहिली. ती उचलली जाईना, आतून डोळ्याला चिकटली होती.

बसने गडचिरोली, तिथून नागपूर. मी बाईंच्या बटव्यात होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "केस हा आजार नव्हताच. शरीराची जी ताकद रोगाशी लढते, तीच तुमच्या डोळ्यांवर उलटली आहे, तोंड येतं तेही त्यामुळेच. आत व्रण पडत गेले, म्हणून केस वळले. डाव्या डोळ्याची नजर आता परत येणार नाही. उजव्यातही सुरुवात झाली आहे. औषध देते, पण तो वाचेलच असं सांगता येत नाही."

"मले वाटलं, मी बरं करून राह्यली," रीता म्हणाली.

बाईंनी चाचपून तिचा हात धरला. "तुयी चूक नाई. तू होती म्हनून तर मले इतके दिवस बरं वाटलं."

ते ऐकून रीता जी रडली, ते मला अजून सोसत नाही. बरं वाटणं आणि बरं होणं यातला फरक मला कळत नव्हता, आणि मला तोंडही नव्हतं.

मित्रांनो, पायात काटा रुतला तर मला खुशाल हाक मारा. पण डोळा महिनोन्महिने लाल राहिला, केस पुन्हा पुन्हा आत वळले, तर माझ्यावर विसंबू नका. मी दुखणं काढतो, रोग नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

बाई गोळ्या वेळेवर घेतात. तरी काल त्या उजवा डोळा चोळत अंगणात येऊन बसल्या. रीताने पापणी वर करून पाहिलं. तिथे पहिला केस आत वळला होता.

"काय दिसून राह्यलं वं?" बाईंनी विचारलं.

रीताने मला बटव्यातच राहू दिलं आणि दवाखान्याचे कागद काढले.