ठेच्यातलं औषध

सोनाळ्यात औषध म्हणजे कपाशीवर फवारायचं. तापाखोकल्याला असते ती दवाई. अन् अमकीनं ‘औषध घेतलं’ म्हटलं की लोक हातातलं काम टाकून त्या घराकडे पळतात. मागच्या साली जनकाबाईच्या सुनेनं घेतलं, तेव्हा मिठाचं पाणी पाजायला अन्नपूर्णाबाईचा इंद्रभानच पहिला धावला होता. ती काही वाचली नाही. त्यानंतर पोराच्या कानात माणसं बोलायला लागली. “तुले बी औषध देतात बे,” असं ती माणसं सांगायची, आणि तो भरल्या ताटावरून उठून जायचा.

अंगारेधुपारे झाले, ताईत झाले. बांधून ठेवा म्हणणारे शहाणेही भेटले. शेवटी अन्नपूर्णाबाई नवऱ्याशी, हिंमतरावाशी, भांडली आणि पोराला एसटीत घालून अकोल्याला घेऊन गेली. तिथला डॉक्टर पुण्याकडचा, पण देवमाणूस. आवाज काय काय म्हणतात ते त्यानं इंद्रभानकडून सगळं ऐकून घेतलं, हसला नाही. गोळ्या दिल्या. म्हणाला, “पुन्हा काही ऐकू आलं तर आईला विचारायचं, खरं का कानातलं? ती सांगेल ते धरून चालायचं.” मग तिला बाजूला घेऊन बजावलं, “औषध त्याला सांगूनच द्या, बाई. चोरून कधीच नाही. तुमच्यावरचा भरवसा गेला, तर माझ्याकडे दुसरा उपाय नाही.” तिच्या घरात दवाईसाठी औषध हा शब्द शिरला तो असा.

पावसाळाभर बरं चाललं. कपाशीतलं तण काढायला डवरा हाकता हाकता इंद्रभान थांबायचा. “माय, खरं का कानातलं?”

“कानातलं, बापू.”

की चालला पुन्हा बैलांमागं. पण गोळीनं हात थरथरायचे. चहाची बशी सांडली की पारावरची टवाळ पोरं फिदीफिदी हसायची. दिवाळीनंतर त्यानं गोळी थुंकली. “मी चांगला झालो. मले नाही पायजे आता.” तिनं हातापाया पडून पाहिलं, रडून पाहिलं. थोड्याच दिवसांत तो कोपऱ्यात बसून कुजबुजायला लागला. आईचा जीव तो, काय करणार? तिनं गोळ्या कुटल्या आणि मिरचीच्या ठेच्यात कालवल्या.

हिंमतराव बैल घेऊन शेतात निघाला होता. अंगणातूनच ओरडला, “त्याच्या ठेच्यात औषध घातलं का वं?” या माणसाला हळू बोलणं जन्मात जमलं नाही.

इंद्रभान हात धुऊन दारात आला होता. तांब्या हातातच राहिला.

“माय, खरं का कानातलं?”

खरं म्हणावं तर पोरगा अन्नाला शिवणार नाही. कानातलं म्हणावं तर ज्या शब्दावर तो उभा होता तोच खोटा.

“कानातलं, बापू.”

तो ताटावर बसला. घास तोंडात घातला आणि थुंकला.

“कडू लागते.”

“मिरची हाय ते.”

“मिरची तिखट लागते, माय.”

अन्नपूर्णाबाईनं ताट आपल्याकडे ओढलं. “पाय, मीच खातो. औषध असतं त खाल्लं असतं का मी?” तिनं सगळा ठेचा भाकरीशी खाल्ला, वाटी पुसून खाल्ला. इंद्रभान तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. तिला वाटलं, जमलं.

भांडी घासता घासता तिच्या हातातून परात निसटली. डोळ्यांवर झापड आली, तोंड कोरडं पडलं. उठायला गेली तर पाय तिचे राहिले नव्हते.

इंद्रभाननं तिचं डोकं मांडीवर घेतलं, मिठाचं पाणी कालवून पाजलं. “झोपू नको, माय. जनकाकाकूची सून झोपली अन् गेली.” त्याचे डोळे वाहत होते. तिला सांगायचं होतं, बापू, ही दवाई हाय, तुह्यासाठी आणलेली. जीभ हलेना. त्यानं घर धुंडाळलं, गोळ्यांची बाटली शोधली आणि तिच्यादेखत उकिरड्यावर रिकामी केली, वर पायानं शेण लोटलं. तिला हातसुद्धा उचलता आला नाही.

“टाकलं सारं, माय. आता तुले कोनी मारत नाही.” तो परत येऊन तिच्याजवळ बसला. मग डॉक्टरनं शिकवलं होतं तसं विचारलं, “माय, खरं होतं का कानातलं? खरं होतं ना?”

झोपेनं तिची मान खाली पडली. इंद्रभाननं तो होकार धरला.